देलाक्रुआचे ‘मॅकबेथ आणि चेटकिणी’: हाती आलेली प्रत ‘मूळ’ आहे का, हे कसे पाहावे

आपला प्रश्न मला समजला तो असा. ब्रुसेल्समध्ये नोकरीनिमित्त राहत असताना आपण तिथल्या जुन्या बाजारातून एक काळे-पांढरे चित्र विकत घेतले. उकळत्या कढईभोवती तीन चेटकिणी आणि त्यांच्यासमोर उभा असलेला एक योद्धा, असे ते चित्र आहे. विकणाऱ्याने ते फ्रेंच चित्रकार एजेन देलाक्रुआ यांचे १८२५ सालचे ‘मॅकबेथ’ आहे असे सांगितले. चित्राखाली छापील अक्षरे नाहीत म्हणून ही ‘अगदी पहिली’ प्रत, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने सही आहे म्हणून ती ‘अस्सल’, असेही तो म्हणाला. पुण्यात आल्यावर आपण ते नव्या चौकटीसाठी एका दुकानात नेले, तेव्हा तिथल्या माणसाने कागदावरचे तांबूस डाग ब्लीच करून काढून देतो आणि वर लॅमिनेशन करतो, असे सुचवले. आपल्याला आता मुख्यतः दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: चित्र मूळ आहे की नक्कल, आणि डाग काढावेत की नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तातडीचे असल्यामुळे आधी देतो. ब्लीच करू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, आणि ते चित्र त्या दुकानात राहिले असेल तर आजच घरी आणा. कारण पुढे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येणार नाही. मी गेली पंचवीस वर्षे दगडावर आणि तांब्यावर मुद्राचित्रे करतो आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे जुन्या कागदांच्या जतनाचेही काम करतो. या काळात सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे, आणि प्रत्येक वेळी मला आधी ‘मूळ’ या शब्दाचीच फोड करावी लागते. तैलचित्र एकच असते, बाकी साऱ्या त्याच्या नकला. मुद्राचित्राचे तसे नाही. चित्रकार चित्र काढतो ते दगडावर, उलटे. तो दगड कोणी भिंतीवर टांगत नाही. त्या दगडावरून छापलेला प्रत्येक कागद मूळच असतो, मग तो पहिला असो की दोनशेवा. त्यामुळे आपण खरे तर तीन प्रश्न विचारायला हवेत: हा कागद देलाक्रुआने स्वतः काम केलेल्या दगडावरून छापला गेला आहे का, असेल तर त्या दगडाच्या आयुष्यात केव्हा, म्हणजे तो ताजा असताना की थकल्यावर, आणि छापून बाहेर पडल्यापासून आजपर्यंत कागदाचे काय झाले आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून यांतल्या पहिल्या प्रश्नाविषयी मी फक्त शंका व्यक्त करू शकतो, दुसऱ्याविषयी तेवढेही नाही. मात्र आपण स्वतः घरच्या घरी बरेच पाहू शकता, आणि काय पाहायचे हे या विशिष्ट चित्राच्या बाबतीत फार छान सांगता येते, कारण ते ज्या पद्धतीने केले आहे ती पद्धतच बोलकी आहे.

चित्राविषयी थोडे. मॅकबेथ हा खरोखरचा राजा होता. त्याने १०४० ते १०५७ या काळात स्कॉटलंडवर राज्य केले. आपण ओळखतो तो मॅकबेथ मात्र शेक्सपिअरचा, शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने मराठी रंगभूमीवर आणलेल्या नाटकातला. चित्रातला प्रसंग चौथ्या अंकाच्या आरंभीचा आहे: राजाचा खून करून सिंहासन मिळवलेला मॅकबेथ आता स्वतःहून चेटकिणींना शोधत जातो आणि पुढे काय होणार ते विचारतो. देलाक्रुआ त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. १८२५ च्या उन्हाळ्यात तो लंडनला गेला, तिथे त्याने एडमंड कीन या नटाला शेक्सपिअरच्या भूमिकांत पाहिले, आणि डॉ. मेरिक यांच्या संग्रहातल्या जुन्या चिलखतांची रेखाटने केली. पॅरिसमध्ये तेव्हा शेक्सपिअरला अजून मान नव्हता. १८२२ साली आलेल्या इंग्रज नटमंडळींना तिथल्या प्रेक्षकांनी हुसकावून लावले होते, आणि ज्या प्रयोगांनी पॅरिस भारावले ते १८२७ चे. हे चित्र त्या दोहोंच्या मधले आहे, म्हणजे ते लोकप्रिय विषयावर काढलेले चित्र नव्हते, तर एका तरुणाने घेतलेली बाजू होती. आपण प्रश्नात ओझरते विचारले आहे की मॅकबेथचा पोशाख इतिहासाला धरून आहे का. त्याकडे अकराव्या शतकाचा पुरावा म्हणून पाहू नये. त्या पिढीला मध्ययुग हवे होते ते अंधार, आग आणि भवितव्याच्या भीतीसाठी. कपडेपट त्यांनी नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि संग्रहांतून जुळवला.

आता पद्धतीकडे येतो, कारण सगळी मेख तिथे आहे. हे शिळामुद्रण आहे. आपल्याकडे जुन्या शिळाछाप पोथ्या ज्या तऱ्हेने छापल्या गेल्या, तेच तंत्र. आलोइस झेनेफेल्डरने ते अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये शोधले आणि त्यासाठी लागणारा बारीक पोताचा चुनखडक बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतून जगभर गेला. माझ्या कामाच्या जागेतही त्याच खाणीतला एक दगड आहे. तो एका बंद पडलेल्या छापखान्यातून आला, आणि घासून घासूनही तिरकस उजेडात त्याच्यावर उलट्या बाळबोध अक्षरांची एक फिकट ओळ दिसते. दगड वाळू आणि पाणी घालून घासतात, त्यामुळे त्याला बारीक दाणा येतो. त्यावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या तेलकट खडूने चित्र काढतात. मग डिंकाच्या पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवतात, म्हणजे तेलकट जागा शाई धरतात आणि उघड्या जागा पाणी धरून शाईला दूर ठेवतात. इथे ना कोरणे आहे ना खोदणे. तेल आणि पाणी यांचे वैर एवढ्याच भांडवलावर सारा व्यवहार चालतो.

बहुतेक चित्रकार पांढऱ्या दगडावर काळ्या रेषा काढत गेले, जसे आपण कागदावर काढतो. देलाक्रुआने या चित्रात उलट केले. त्याने दगडाचा मोठा भाग आधी काळा करून टाकला आणि मग पात्याने, टोकदार हत्याराने खरवडून त्या काळ्यातून उजेड बाहेर काढला. कढईखालची आग, वर चढणारी वाफ, चेटकिणींच्या हाडकुळ्या चेहऱ्यांवर खालून पडलेला प्रकाश, हे सारे काढलेले नाही, तर काढून टाकलेल्या काळ्याच्या जागी उरलेले आहे. तांब्याच्या पत्र्यावर हीच दिशा, म्हणजे काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणे, मेझोटिंट या तंत्रात इंग्लंडमध्ये पूर्वीपासून रुळलेली होती. दगडावर तिचा इतका बेधडक वापर त्या वेळी विरळाच होता. योगायोग असा की त्याच १८२५ साली म्हातारा स्पॅनिश चित्रकार गोया फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये बैलझुंजीची चार शिळाचित्रे करत होता, आणि तोही दगड चित्रफळ्यासारखा उभा ठेवून त्याच्यावर आधी करडा थर देऊन पात्याने उजेड काढत होता.

ज्याने हे कधी हाताने केले आहे त्याला या पद्धतीतली जोखीम माहीत असते. खडूने काढलेली रेषा नको असेल तर दुरुस्तीला काही वाव असतो. पण खरवडताना पाते दगडाचा दाणाही घेऊन जाते, आणि दाणा गेलेल्या गुळगुळीत जागी खडू पूर्वीसारखा बसत नाही. म्हणजे प्रत्येक पांढरी रेषा ही परत न घेता येणारी गोष्ट असते. मी विद्यार्थ्यांना हे तंत्र दाखवतो तेव्हा पहिल्या दिवशी कोणाचाच हात सुटत नाही. सगळे जण घाबरत घाबरत ओरखडे काढतात आणि वाफेऐवजी चटईचे विणकाम तयार होते. देलाक्रुआच्या वाफेत तो संकोच नाही. वळसे एका दमात घेतलेले आहेत, कुठे पाते रुंद टेकले आहे, कुठे फक्त टोक ओढले आहे. अस्सल प्रत आणि पुनर्मुद्रण यांतला फरक ओळखायला मी म्हणूनच काळ्याकडे पाहत नाही, आधी पांढऱ्याकडे पाहतो.

त्यासाठी आपल्याला दहापट मोठे दाखवणारे भिंग लागेल. घड्याळे दुरुस्त करणारे वापरतात तसले चालते. थेट या चित्रापासून सुरुवात करू नका, डोळा आधी तयार करा. घरात किंवा नातेवाइकांकडे पुण्याच्या चित्रशाळेचे किंवा रविवर्मा छापखान्याचे एखादे जुने देवादिकांचे चित्र असेल तर ते भिंगाखाली धरा. त्यात वेगवेगळ्या रंगांचे ओबडधोबड, हाताने टाकलेले ठिपके आणि दाणे दिसतील. कोणतेही दोन सारखे नसतील. मग त्याच भिंगाने एखादे आधुनिक कॅलेंडर पाहा. तिथे ठिपके पलटणीसारखे रांगेत उभे असतील. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मे काम झाले.

आता आपल्या चित्रातली वाफेची जागा भिंगाखाली घ्या. ठिपके नियमित रांगांत असतील तर विषय संपला. ते छायाचित्रावरून केलेले छापील पुनर्मुद्रण आहे, आणि ती पद्धत १८८० च्या दशकानंतर रुळली. खडूचा अनियमित दाणा दिसला, तर पांढऱ्या रेषांच्या कडा पाहा. दगडावर पाते फिरते तेव्हा ते वाटेत येणारे दाणे मध्येच कापते. त्यामुळे पांढऱ्या रेषेच्या दोन्ही कडांना अर्धवट चिरलेले काळे दाणे दिसतात, जणू कोयत्याने उसाची ओळ छाटली आहे. पाहून हाताने केलेल्या नकलेत, जिथे नकलाकाराने पांढरी जागा सोडून भोवती काळे भरले आहे, तिथे दाणे रेषेपाशी येऊन आपोआप थांबतात, कापले जात नाहीत. माझ्या अनुभवात ही खूण जितकी उपयोगी पडली आहे तितकी दुसरी कोणतीही नाही.

पण इथे एक सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. कोलोटाइप नावाची एक छपाई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तिच्यात काचेवरच्या जिलेटिनच्या थरावरून छायाचित्र छापतात, आणि त्या थराला बारीक, किड्यांच्या वाटांसारख्या वळवळत्या सुरकुत्या पडलेल्या असतात. त्यात रांगेतले ठिपके नसतात, म्हणून साध्या नजरेला आणि घाईच्या भिंगालाही ती शिळामुद्रणासारखी भासते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संग्राहकाने दाखवलेले एक मध्ययुगीन किल्ल्याचे चित्र मी पाच मिनिटांत ‘दगडावरचे’ म्हणून मोकळा झालो. दोन महिन्यांनी तेच चित्र कडक तिरक्या उजेडात आणि अधिक ताकदीच्या भिंगाखाली पाहिले तेव्हा त्या वळवळत्या सुरकुत्या दिसल्या, आणि मला फोन करून शब्द मागे घ्यावा लागला. तेव्हापासून मी कोणत्याही प्रतीवर पहिल्या भेटीत मत देत नाही. आपणही गडद भाग आणि करडा भाग, दोन्ही पाहा: खऱ्या दगडावरच्या करड्यात दाणे सुटे सुटे असतात, कोलोटाइपच्या करड्यात ते एकमेकांना लागून जाळी करतात.

आकार मोजा. चित्राचा छापील भाग साधारण ३२ बाय २५ सेंटिमीटर असायला हवा. कागद ओलसर करून छापतात आणि वाळताना तो थोडा आकसतो, त्यामुळे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतील. पण सेंटिमीटरभर फरक असेल तर ती नक्कलच. चित्राची दिशाही संग्रहालयांनी प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहा. एखाद्या कोरक्याने छापील प्रत समोर ठेवून दुसऱ्या दगडावर किंवा पत्र्यावर ती उतरवली असेल आणि उलटसुलट करण्याचे कष्ट घेतले नसतील, तर छापल्यावर डावे-उजवे बदललेले असते. तसेच चित्राभोवती पत्र्याच्या कडेने दाबला गेलेला चौकोनी खड्डा आहे का ते पाहा. तो तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावरच्या छपाईत येतो. शिळामुद्रणात शाई कागदावर सपाट बसलेली असते.

समजा, या सगळ्यांतून आपली प्रत पार झाली. मग दुसरा प्रश्न येतो: दगड केव्हाचा? आपण ‘प्रत कितवी’ असे विचारतो, पण जाणकार ‘अवस्था’ कोणती असे विचारतात. दगडावर काम चालू असताना चाचणीच्या काही प्रती काढतात, मग थोडा बदल होतो, पुढे चित्राखाली नाव, प्रकाशक, छापखाना यांची अक्षरे येतात, कधी पत्ता बदलतो. प्रत्येक बदलाबरोबर नवी अवस्था मोजली जाते. देलाक्रुआच्या मुद्राचित्रांसाठी लोईस देल्तेय यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची अजूनही आधारभूत मानतात, आणि तिच्यात हे चित्र ४० व्या क्रमांकावर आहे. लिलावगृहांच्या वर्णनांत ‘देल्तेय ४०’ असे दिसेल ते हेच.

विकणाऱ्याने ‘अक्षरे नाहीत म्हणून पहिली प्रत’ असे जे सांगितले, त्यात अर्धे सत्य आहे. अक्षरांआधीच्या प्रती लवकरच्या असतात हे खरे. पण खालचा समास कापून टाकला तरी अक्षरे नाहीशी होतात, आणि एकोणिसाव्या शतकात चित्रे वहीत चिकटवण्यासाठी समास सर्रास कापले जात. म्हणून आधी समास किती उरला आहे ते मोजा. तो चित्रालगत कापलेला असेल, तर अक्षरांच्या अभावावरून काहीही सिद्ध होत नाही.

यापेक्षा भरवशाची खूण पुन्हा पांढऱ्यातच आहे. दगडावर जसजशा अधिक प्रती निघतात, तसतशी शाई थोडी थोडी उघड्या जागांत घुसते. खरवडलेल्या रेषा मूळच्या अरुंद असतील तर त्या आधी भरतात. ताज्या दगडावरच्या प्रतीत वाफेचे बारीक तंतू एकमेकांपासून सुटे दिसतात आणि काळ्याच्या आतही काळ्याचे थर जाणवतात. थकलेल्या दगडावरच्या प्रतीत तंतू तुटक होतात, करडे गढूळ होते आणि काळ्याची एकसंध भिंत होते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात मला वाफेचा खालचा भाग गढूळ वाटला, पण तो मोबाइलच्या काचेवरचा परावर्तित उजेडही असू शकतो, म्हणून त्यावर काही बांधत नाही. चित्रकाराच्या पश्चात दगडावरून पुन्हा छपाई होणे ही गोष्टही नवलाची नाही. देलाक्रुआच्याच ‘हॅम्लेट’ मालिकेतली १३ चित्रे १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तो १८६३ मध्ये वारल्यावर पुढच्याच वर्षी १६ चित्रांची आवृत्ती निघाली. उशिराची छपाई म्हणजे नक्कल नव्हे; दगड त्याचाच आहे. फक्त ती त्याच्या नजरेखालून गेलेली नाही, आणि हा फरक किमतीत आणि कित्येकदा काळ्याच्या जिवंतपणात दिसतो.

कागदाविषयी थोडक्यात. १८२५ चा कागद चिंध्यांच्या लगद्याचा असतो. लाकडाच्या लगद्याचा कागद त्यानंतर काही दशकांनी आला, आणि तो पिवळा, ठिसूळ होतो. काही प्रती पातळ, रेशमी झाक असलेल्या चिनी कागदावर छापून तो त्याच वेळी जाड कागदावर चिकटवलेला असतो. चित्राभोवती अगदी बारीक पायरीसारखी कड लागली तर हे ध्यानात घ्या, कारण जतनाच्या वेळी ते फार महत्त्वाचे ठरते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली (नोटा तपासायचा स्वस्त दिवा पुरतो) कागद निळा-पांढरा चमकला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वापरात आलेली शुभ्रता वाढवणारी द्रव्ये आहेत, आणि मग पुढच्या तपासणीची गरज उरत नाही.

पेन्सिलीच्या सहीने आपण सुखावला आहात, मला मात्र तिनेच सावध केले. १८२० च्या दशकात मुद्राचित्रावर पेन्सिलीने सही करण्याची पद्धत नव्हती. ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रूढ झाली. ती सही नंतरच्या एखाद्या मालकाने किंवा विक्रेत्याने ओळख म्हणून लिहिलेले नावही असू शकते, म्हणून तेवढ्यावरून चित्र खोटे ठरत नाही. पण तिच्यामुळे ते खरेही ठरत नाही, आणि ती खोडू तर नकाच.

आता डागांकडे. वर जे खरवडण्याविषयी लिहिले, त्याचाच हा पुढचा भाग आहे. या चित्रात उजेड म्हणून जे काही आहे, तो कागदाचा स्वतःचा रंग आहे. त्यावर पांढरी शाई कुठेही नाही. कागद तांबूस झाला की आग मंदावते आणि वाफ मळते, म्हणून डाग काढण्याचा मोह इथे इतर चित्रांपेक्षा अधिक होतो. आणि नेमके त्याच कारणाने ब्लीचचा घात इथे सर्वांत जास्त दिसतो. क्लोरीनच्या ब्लीचने दोन दिवस कागद लख्ख दिसतो. पण त्याचे अवशेष तंतूंमध्ये राहतात, ते तंतू तोडत जातात, आणि काही वर्षांनी कागद पूर्वीपेक्षा पिवळा आणि शिवाय ठिसूळ होतो. त्याच्या मूळच्या उबदार सायीच्या रंगाऐवजी खडूसारखा मेलेला पांढरा रंग येतो, तो वेगळाच. काजळीची तेलकट शाई पाण्याला सहसा दाद देत नाही हे खरे आहे, आणि चौकटवाल्यांचा आत्मविश्वास त्यातूनच येतो. परंतु चित्र चिनी कागदावर असेल तर भिजताच दोन कागद वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो किंवा त्याला चुण्या पडतात. लॅमिनेशनविषयी एवढेच पुरे की ते परत काढता येत नाही.

तांबूस ठिपके बहुधा बुरशी, कागदातले लोहाचे कण आणि दमटपणा यांच्या संगनमताने येतात. म्हणजे पहिला उपाय डाग काढणे हा नसून ते वाढू न देणे हा आहे. चित्र सध्या ज्या चौकटीत आहे तिच्या मागे लाकडी फळी किंवा तपकिरी पुठ्ठा असेल, तर त्यातले आम्ल कागदात उतरत असते. खिडकीसारख्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या कडेने जी तपकिरी पट्टी उमटते ती त्याचीच खूण. आम्लमुक्त पुठ्ठ्यात, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावून चित्र टांगते ठेवावे. चारही बाजूंनी चिकटवू नये, कारण पावसाळ्यात कागद फुगतो आणि जागा मिळाली नाही की त्याला पोक येते. सेलोटेप कोणत्याही कारणासाठी नको. काच चित्राला टेकता कामा नये. भिंत बाहेरची, पावसाची झड लागणारी नसावी. आर्द्रता शक्यतो ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहावी, आणि दिव्याचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पुढे नको. पुण्यात हे जमण्यासारखे आहे. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने चित्र भिंतीवरून उतरवून आम्लमुक्त घडीत, कोरड्या कपाटात सपाट ठेवणे मी अधिक पसंत करीन. कपाटात कसर नाही ना, एवढे आधी पाहावे.

डाग खरोखरच डोळ्यांत खुपत असतील, तर ते कमी करण्याचे सौम्य मार्ग आहेत. पण ते कागदाची चाचणी घेऊन, चित्र एका कागदावर आहे की दोन हे ठरवून, प्रशिक्षित कागद-संवर्धकाने करायचे काम आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारणा करावी. आणि खरे सांगायचे तर, ठिपके समासात असतील आणि वाफेत नसतील, तर मी स्वतः त्यांना हात लावणार नाही.

किमतीचा आकडा आपण विचारला आहे, तो मी देणार नाही. एकाच दगडावरच्या दोन प्रतींमध्ये अवस्था, समास, कागद आणि काळ्याचा कस यांवरून कित्येक पटींचा फरक पडू शकतो, आणि छायाचित्र पाहून आकडा सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो किंवा विकत घेऊ पाहत असतो. प्रत उशिराची निघाली किंवा अगदी कोलोटाइप निघाली, तर ठेवण्यात अर्थ आहे का, असेही आपण विचारले आहे. चांगली कोलोटाइप प्रत मी माझ्याकडे ठेवली आहे. वर सांगितलेल्या त्या किल्ल्याच्या चित्राच्या मालकाने ती मला वैतागून देऊन टाकली, आणि विद्यार्थ्यांना तो सापळा दाखवायला मी तीच वापरतो.

पुढचे पाऊल म्हणून मला चार छायाचित्रे पाठवा: वाफेचा भाग भिंगातून, एखाद्या चेटकिणीच्या चेहऱ्याजवळचा करडा भाग भिंगातून, चारही समास पट्टी शेजारी ठेवून, आणि संपूर्ण कागद एका बाजूने येणाऱ्या तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. त्यासाठी चौकट उघडावी लागली तर चित्र पालथे ठेवून मागचे खिळे हळूच काढा, आणि कागद काचेला चिकटलेला आढळला तर तो ओढू नका; तसाच बंद करून ठेवा आणि मला आधी तेच कळवा.